अंतर जवळचं, वेळ लांबची

श्रोतेहो, नमस्कार.

विटा, खानापूर, आटपाडीकडची आपली गलाई मंडळी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पसरलीत. यात्रेला, दिवाळीला गावाकडं यायचं तर आता बरेचजण विमानच बघतात. पुणे ते दिल्ली हवाई अंतर साधारण ११५० किलोमीटर. जेट विमान ताशी सव्वाआठशेच्या आसपास जातं. भागाकार केला तर दीड तासही लागू नये. तिकिटावर मात्र दोन तासांहून जास्त वेळ दिसतो. मग विमान हळू जातं का?

तसं नाही. विमान उभ्या जागेवरून हललं की वेळ मोजायला सुरुवात होते, आणि पलीकडं जागेवर थांबलं की ती संपते. धावपट्टीकडं रांगेनं सरकणं, चढता-उतरताना कमी वेग, दिल्लीवर गर्दी असली तर घिरट्या, हे सगळं त्यात आलं. शिवाय ११५० ही पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत जवळची वाट. विमानाला ठरलेल्या हवाई मार्गानं वळसे घेत जावं लागतं.

खरी गंमत वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती पाहिलेल्यांना धारेबरोबर आणि धारेविरुद्ध म्हणजे काय, हे सांगायला नको. म्हणून मुंबईहून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. अंतर तेच.

२०१६ मध्ये एअर इंडियानं याचा चांगला फायदा उठवला. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर, पण वारा तोंडावर. त्यांनी विमान उलट्या अंगानं, पॅसिफिकवरून नेलं. वाट भरली १५,३०० किलोमीटर, तरी साडेचौदा तासांत विमान पोचलं. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन वेळ वाचला! नुसतं अंतर बघून वेळ सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता घड्याळाचं. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. समजा मुंबईहून रात्री २ ला निघून लंडनला सकाळी ७ ला पोचायचं आहे. पाच तासांत लंडन म्हणून हरखू नका. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागं असतं, तेवढे त्यात मिळवा, म्हणजे साडेदहा तास होतात. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासभर पुढं केलेली असतात, तेव्हा साडेचारच मिळवायचे. येताना तेवढेच वजा करायचे.

आणि पोचायच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात '+१' असतं, ते नीट बघा. ती वेळ दुसऱ्या दिवसाची. पोरगा ५ तारखेला रात्री लंडनहून निघाला आणि '११:३० +१' लिहिलेलं असलं, तर तो ६ तारखेला दुपारच्या आत मुंबईत उतरणार. सांगलीहून आणायला जाणारी गाडी ६ च्या पहाटे सोडा. ५ ला गेलात, तर रात्रभर विमानतळावर चहा पीत बसाल, आणि तिथला चहा काही स्वस्त नाही.