चीनने माल अडवला, तेव्हा जपानने काय केलं?

नमस्कार मंडळी. ही माळ्यावर पडलेली जुनी हार्ड डिस्क. स्क्रू काढले, तर आतून हे दोन चुंबक निघाले, कोयरीच्या आकाराचे. आता एकमेकांजवळ नेतो हं... टक्! ऐकलंत? मघाशी तालमीत यांच्यामध्ये बोट सापडलं, अजून लाल आहे.

लोखंड, बोरॉन आणि निओडिमियम यांचा हा चुंबक. निओडिमियम म्हणजे सतरा रेअर अर्थ मूलद्रव्यांपैकी एक. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटारीत याच जातीचे चुंबक असतात. मात्र मोटार तापली की साधा निओडिमियम चुंबक ढिला पडतो, म्हणून त्यात चिमूटभर डिस्प्रोशियम घालतात. ही चिमूटच महागात पडते.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली. त्यात डिस्प्रोशियम होतंच. पावसाळ्यात त्याची झळ पुण्यापर्यंत पोहोचली. जुलैत चेतकचं उत्पादन घटलं, आणि ऑगस्टमध्ये एकही इलेक्ट्रिक चेतक बनणार नाही अशी शक्यता खुद्द राजीव बजाज यांनी बोलून दाखवली. पुढे माल मिळाला, गाड्या निघाल्या. पण गिऱ्हाइकाला कधी दिसतही नाही अशा तुकड्यावर सगळं वेळापत्रक टांगलं गेलं होतं.

‘रेअर’ नावावर जाऊ नका. यातलं सिरियम जमिनीत जवळपास तांब्याइतकंच आहे. अवघड आहे ते वेगळं करणं. तांदळातले खडे कुणीही निवडेल हो, पण आंबेमोहोरात इंद्रायणी मिसळून दिला आणि दाणा दाणा वेगळा करा म्हटलं तर? ही मूलद्रव्यं रासायनिकदृष्ट्या इतकी सारखी, की आम्लात विरघळवून, द्रावकात ढवळून, थर बसू देऊन पुन्हा ढवळायचं, असं शेकडो टाक्यांतून करावं लागतं. खाणकामात चीनचा वाटा साठ-सत्तर टक्के असेल, पण शुद्धीकरण आणि चुंबकांत तो नव्वदच्या आसपास जातो. खाण उघडली म्हणजे सुटलो, असं होत नाही ते यामुळे.

आता जपानकडे येऊ. सप्टेंबर २०१०. जपानच्या ताब्यातल्या, पण चीनही हक्क सांगतो अशा सेंकाकू बेटांजवळ एक चिनी मासेमारी बोट जपानी तटरक्षक दलाच्या जहाजांना धडकली आणि जपानने तिच्या कप्तानाला अटक केली. त्यानंतर जपानकडे निघालेला रेअर अर्थचा माल चिनी बंदरांत अडकला. बंदी घातल्याचं चीनने कधी मान्य केलं नाही, ते सोडा. तेव्हा जपानचा जवळपास नव्वद टक्के माल चीनमधून यायचा.

जपानने आरडाओरडा कमी केला आणि पाकीट उघडलं. काही आठवड्यांतच १०० अब्ज येनची तरतूद केली. मार्च २०११ मध्ये सरकारी खनिज संस्था जोगमेक आणि सोजित्झ ही व्यापारी कंपनी यांनी मिळून ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत २५ कोटी डॉलर घालायचं ठरवलं. खनिज ऑस्ट्रेलियातल्या माउंट वेल्ड खाणीचं, शुद्धीकरण मलेशियात क्वांतानला, आणि मालावर जपानचा हक्क. शिवाय मागणीही कमी केली. २०१६ मध्ये होंडा आणि दायदो स्टील यांनी डिस्प्रोशियमशिवाय चालणारा हायब्रिड मोटारीचा चुंबक आणला.

पण खरी कसोटी नंतर लागली. २०११ मध्ये आभाळाला टेकलेले भाव पुढे धाडकन कोसळले. अमेरिकेतली माउंटन पास खाण चालवणारी मॉलिकॉर्प २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. खनिज उत्तम होतं, यंत्रं नवी होती, पण पडत्या काळात मागे उभं राहणारं कोणी नव्हतं. लायनसचीही तीच गत झाली असती. जपानी सावकारांनी व्याज कमी केलं, मुदत वाढवली, आणि ती तगली. त्याच लायनसने मे २०२५ मध्ये मलेशियात डिस्प्रोशियम ऑक्साइड काढलं. पैसे घातल्यापासून चौदा वर्षांनी! तरीही जपानचं चीनवरचं अवलंबित्व शून्यावर नाही आलं, साठ टक्क्यांच्या आसपास आलं. मला हा आकडा फार प्रामाणिक वाटतो.

आणि आपण? आपली गोष्ट तर काथ्यापासून सुरू होते. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं, म्हणजे रेअर अर्थ आणि थोरियम दोन्ही पोटात असलेलं खनिज. तेव्हा ते हवं होतं त्यातल्या थोरियमसाठी, गॅसबत्तीच्या मॅंटलला! पेट्रोमॅक्सचा तो पांढरा प्रकाश आठवतोय ना, तोच. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स स्थापन झाली. आज तिचं नाव आयआरईएल, मुख्य कार्यालय आपल्या प्रभादेवीत. थोरियम किरणोत्सारी, त्यामुळे ही कंपनी अणुऊर्जा खात्याखाली, मोनाझाइट सरकारी कुलपात, आणि चुंबकांचा धंदा तेवढा बाहेर वाढत राहिला. आपल्या वाळूत निओडिमियम आहे. डिस्प्रोशियम मात्र नावापुरतं, त्यासाठी बाहेर हात पसरावाच लागणार.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन क्षमता उभारायची. यातले ६,४५० कोटी विकलेल्या चुंबकांवर, पाच वर्षं मिळणार आहेत. मला यातलं ‘विकलेल्या’ हे आवडलं. शेड उभी करून फीत कापल्यावर पैसे मिळाले असते, तर काय झालं असतं ते आपल्या एमआयडीसीत गंजलेली कुलपं बघून कळतंच.

माझी शंका सहाव्या वर्षाची आहे. अनुदान संपलंय, चीनने परवाने सैल केलेत, त्यांचा चुंबक स्वस्त झालाय. अशा वेळी चाकणमधला खरेदी विभाग जादा पैसे मोजून देशी चुंबक घेईल? त्याच्या साहेबाने त्याला ‘किलोमागे किती वाचवलेस’ एवढंच विचारायचं ठरवलं असेल, तर नाही घेणार. आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा?

तुमच्यापैकी कोणी वाहन कंपनीत खरेदी बघत असेल, तर खाली लिहा: दुसरा पुरवठादार जिवंत ठेवायला तुमची कंपनी किलोमागे किती जास्त मोजते? कंपनीचं नाव नको, नुसता आकडा चालेल.