लोखंडाचा त्रास, माणसाचा त्रास

(ठाण्यातल्या एका नागरिक कट्ट्यावर निवृत्त शिल्प निदेशकांनी, म्हणजे आयटीआयच्या मास्तरांनी, केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागे ऐकू येतंय का? ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी हात वर करा. (हशा) आयटीआयमध्ये नवी बॅच आली की दर ऑगस्टला मी हा विनोद करायचो. दरवर्षी दोन हात खरोखर वर यायचे.

फळ्यावर विषय लिहिलाय, ‘शिकाऊ उमेदवारी : टिकायचं की सोडायचं?’ मला पंचेचाळीस मिनिटं दिली आहेत. साडेसातला योगवर्गाच्या ताई येतात आणि त्यांना हॉल झाडून लागतो. तेव्हा घड्याळ माझ्या समोरच राहू द्या. त्याचा उपयोग होईल असं मात्र समजू नका.

आधी शब्दाचं बघू. उमेद हा शब्द फारसीतून आला आणि उमेद धरून बसलेला तो उमेदवार. आता मराठीत हा शब्द मुख्यतः दोघांसाठी उरलाय. एक निवडणुकीला उभा असतो, दुसरा कारखान्यात. पहिल्याचे हात पंधरा दिवस जोडलेले, दुसऱ्याचे वर्षभर काळे. आणि डिपॉझिट कुणाचं जप्त होतं, तर दुसऱ्याचं. त्याच्या आईवडिलांनी फी भरलेली असते.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. वेल्डरचा ट्रेड केलाय त्याने, रबाळ्याच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनवाल्याकडे अप्रेंटिस आहे. “मामा, स्टेशनवर बसलोय. मला नाही जमत. सोडतो.” मी विचारलं, आईला सांगितलंस का? “आईला सांगता येत नाही म्हणून तर तुम्हाला फोन केला.” मामा ही संस्था याच कामासाठी आहे.

म्हटलं, काय होतंय ते तरी सांग. एका दमात सगळं बाहेर आलं. आर्क, म्हणजे वेल्डिंगचा झगझगाट, लागून डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, रात्री झोप नाही. रॉड चिकटतो. बीड, म्हणजे वेल्डिंगची रेघ, सापासारखी वाकडी जाते. सुपरवायझर आईवरून शिव्या देतो. आठ आठ वाजेपर्यंत थांबवून घेतात. दोन महिने हातात नुसता ग्राइंडर. आणि मित्र बाईकवरून पार्सलं पोचवतो, त्याला कुणी शिवी देत नाही. म्हटलं, त्याला रेटिंग देतात.

आता ही यादी नीट बघा. हिच्यात दोन वेगवेगळे त्रास एकाच पोत्यात कोंबलेत. रॉड चिकटणं, बीड वाकडी जाणं हा लोखंडाचा त्रास. शिव्या, आठ वाजणं, दोन महिने ग्राइंडर हा माणसाचा त्रास. डोळ्यांचं मी बराच वेळ लोखंडाकडे टाकत होतो. पण शेजारी कुणी वेल्डिंगचे टाके मारत असताना मध्ये साधा पडदा लावत नाहीत, तेव्हा तेही माणसाच्याच खात्यात जायला हवं. तर पोरगा हे सगळं पोतं उचलून आपल्यासमोर आपटतो आणि म्हणतो, मला वेल्डिंग जमत नाही. अरे बाबा, तुला सुपरवायझर जमत नाहीये!

मला आज एवढंच सांगायचंय. पण ते सांगण्यासाठी माझा ठोकळा मध्ये आणावा लागेल. आमच्या घरात ‘ठोकळा’ म्हटलं की लोक उठून आत जातात. तुम्ही दारं लावून बसला आहात, माझा नाइलाज आहे.

मी किसननगरचा. वडील लालबागला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी वागळे इस्टेटच्या आयटीआयमध्ये फिटरच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पास झालो आणि ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात अप्रेंटिस लागलो. आज त्या रस्त्यावर काचेच्या इमारती आहेत आणि गळ्यात पट्टे घातलेली मुलं आहेत. तेव्हा कळवा, विटावा ओलांडलं की धुराडी आणि वास. कुठला वास आला यावरून स्टॉप ओळखायचा. घरात नियमानं येणारा पैसा म्हणजे माझा स्टायपेंड, त्यामुळे सोडायचा विषय काढायचीही सोय नव्हती. सोडावंसं मात्र रोज वाटायचं.

पहिले चार महिने मी चहा आणला. अतिशयोक्ती नाही हो! सकाळी किटली, दुपारी किटली, मध्ये बुरादा झाडायचा. आमच्या प्रगतीची नोंद ठेवायला एक कार्ड असायचं, ते फोरमन भरायचे. त्यावर लिहिलेलं मी स्वतः वाचलंय : ‘ड्रिलिंग, 3 आठवडे. समाधानकारक.’ ड्रिलिंग मशीन मी फक्त पुसलं होतं. समाधानकारक पुसलं असेल.

पाचव्या महिन्यात एक मिस्त्री होते, त्यांनी मला किटलीतून सोडवलं. लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा दिला आणि म्हणाले, पन्नास मिलिमीटरचा चौकोनी ठोकळा कर. सहा बाजू सपाट, प्रत्येक बाजू शेजारणीशी काटकोनात. हत्यार काय, तर कानस. इथे किती जणांनी कानस हातात धरलीय? तीन. ठीक आहे, बाकीच्यांनी नेलकटरमधली आठवा.

दिसायला काय, पुढे ढकलायची, मागे घ्यायची. पण कानस कापते ती फक्त पुढे जाताना. मागे येताना दाब सोडायचा, नाहीतर तिचे दात जातात. आणि पुढे जाताना गंमत अशी, की सुरुवातीला डाव्या हाताचा दाब जास्त हवा, मध्यावर दोन्ही सारखे, शेवटी उजव्याचा. हे साधलं नाही तर कानस झोपाळ्यासारखी डुलते आणि जॉबच्या, म्हणजे घासायच्या तुकड्याच्या, दोन्ही कडा जास्त घासल्या जातात. मधे पोट सुटतं. लोखंडाला पोट! तेव्हा मला नव्हतं, जॉबला होतं. आता उलट झालंय.

मिस्त्री ठोकळा उचलायचे, गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावायचे आणि खिडकीकडे धरायचे. गुण्याच्या पात्याखालून उजेड दिसला की संपलं. एकच शब्द, “उजेड.” आणि ठोकळा भंगारच्या डब्यात. त्या डब्याचा आवाज अजून कानात आहे. एकामागून एक सहा ठोकळे गेले. सातव्याच्या वेळी मी कानस टेबलावर ठेवली आणि म्हटलं, मिस्त्री, माझ्या हातात नाहीये हे. ते म्हणाले, “हात कशाला बघतोस? पाय बघ.” त्यांनी बुटानं माझा डावा पाय वीतभर पुढे सरकवला, कोपर अंगाशी आणलं. कानशीवर खडू घासायला लावला, म्हणजे कीस दातांत अडकत नाही आणि चरे पडत नाहीत. सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, निळा रंग अगदी पातळ लावून ठोकळा त्यावर फिरवला. जिथे उंचवटा तिथेच निळं लागतं. “निळं तेवढंच घास.” मग घासायचं, फिरवायचं, पुन्हा निळं बघायचं. तीन आठवडे मला बसमध्ये समोरच्या माणसाच्या शर्टावरसुद्धा निळे उंचवटे दिसायचे.

एका दुपारी मी स्वतःच गुण्या लावून खिडकीकडे धरला आणि पात्याखाली काळोख. सहाच्या सहा बाजूंना काळोख. लोकांना आयुष्यात उजेड पडला की आनंद होतो, मला काळोख पडला म्हणून झाला. मिस्त्री काही बोलले नाहीत. स्वतः जाऊन त्यांनी चहा आणला.

आणि मग फोरमन आले. ठोकळा उचलला, हातात झेलला, “बरा आहे” म्हणाले, आणि आपल्या टेबलावर कागदांवर ठेवला. पेपरवेट! त्या कागदांत माझं खोटं कार्डही असणार, म्हणजे माझ्याच ठोकळ्याखाली माझं ड्रिलिंग दाबलेलं. चाळीस वर्षं उलटली, तो ठोकळा मला परत मिळालेला नाही. कारखाना बंद झाला तेव्हा मी गेटवर जाऊन विचारून आलो. वॉचमन म्हणाला, भंगार गेलं सगळं. बायकोचं म्हणणं आहे, की मी चाळीस वर्षांत... असो, ती इथे आली आहे.

(चिठ्ठी) वीस मिनिटं राहिली? दहा. बरं.

तर ठोकळा कशासाठी सांगितला, तर लोखंडानं मला सहा वेळा फेकलं पण अपमान केला नाही. का फेकलं ते दाखवलं, निळ्या रंगात. फोरमननं मात्र काही न फेकता अपमान केला. यातला पहिला त्रास माणसाला घडवतो असं मी म्हणणार होतो, पण माझ्याच बॅचचा एक जण आठवला. त्याचा ठोकळा तिसऱ्या खेपेला झाला. माझ्यापेक्षा किती तरी चांगला हात. आणि त्याला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही. गुण्याखाली काळोख पडला, हा म्हणाला, “झालं? जेवायला जाऊ?” कँटीनमध्ये मात्र तो आचाऱ्याला सांगायचा, भाजीत दाण्याचं कूट आधी घाल. परीक्षा दिली, सर्टिफिकेट घेतलं आणि नौपाड्यात पोळीभाजीचा धंदा टाकला. लोक हळहळले, सोन्यासारखा हात वाया गेला म्हणून. मी त्याच्या पोळ्या खाल्ल्यात. काही वाया गेलेलं नाही.

धंदा बदलण्यावर बोलायचं म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर येतातच, सगळेच वक्ते आणतात. चित्रकार व्हायला जे. जे. मध्ये गेले, तिथे रंगांधळेपणा निघाला, मग व्हीजेटीआय या मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवलं, बेळगावात सायकली विकल्या, पुढे नांगर, 1910 ला किर्लोस्करवाडी. हे सांगून वक्ते म्हणतात, बघा, सोडलं म्हणून मोठे झाले. पण सोडलं काय? रंग सोडले. रेघ नाही सोडली! व्हीजेटीआयमध्ये ते यंत्रांची ड्रॉइंग शिकवत होते. नेमकं काय सोडतोय हे माहीत असलेला माणूस होता तो. आमची पोरं सुपरवायझरवर चिडून रेघ टाकून येतात.

हो हो, पाच मिनिटं. आता ज्याच्यासाठी बोलावलंत ते भराभर सांगतो, पालकांनी लिहून घ्या.

माणसाचा त्रास असेल तर आधी कागद बघा. शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 चा. करार झालाय का आणि तो सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलाय का, हे पहिलं. नसेल तर पोरगा अप्रेंटिस नाहीच, स्वस्तातला हेल्पर आहे. कायद्यानं तो कामगार नाही, शिकणारा आहे. याचा तोटा असा, की कामगारांचे बरेच हक्क त्याला लागू नाहीत आणि शेवटी नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. फायदा असा, की शिकाऊ उमेदवारी सल्लागार म्हणून जे सरकारी अधिकारी असतात त्यांच्या मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइमला थांबवता येत नाही, आणि ती मंजुरीही प्रशिक्षणाच्या किंवा लोकहिताच्या कारणासाठीच मिळते. कलम 15. आठ वाजेपर्यंत गेट रंगवणं यात कुठे बसतं ते मला दाखवा. नगावर पैसे देता येत नाहीत. कारखान्यात सुरक्षेचे नियम त्यालाही लागू, आणि कामात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची.

एका सकाळी जायचं बंद करून करार सोडू नका. दोघांपैकी कुणालाही सल्लागारांकडे अर्ज करून तो संपवता येतो. मालकानं अटी मोडल्या असतील तर भरपाई त्यानं द्यायची, मुलानं मोडल्या तर प्रशिक्षणाचा खर्च मुलाकडे मागता येतो. म्हणून तारखा लिहिलेली वही ठेवा. आज काय काम दिलं, किती वाजता सोडलं. माझ्याकडे अशी वही असती तर त्या ड्रिलिंगचं... असो. आयटीआयमध्ये बीटीआरआयचं, म्हणजे अप्रेंटिसांचं काम बघणारं, ऑफिस असतं, तिथे जा. तिथली माणसं कधी कधी जेवायला गेलेली असतात. पुन्हा जा.

आणि लोखंडाचाच कंटाळा असेल, माझ्या पोळीभाजीवाल्यासारखा, तर खुशाल सोडा. पण थोडेच महिने राहिले असतील तर परीक्षा देऊन, नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट हातात घेऊन सोडा. वाटाही आहेत. दोन वर्षांचा ट्रेड असेल तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश आहे. वेल्डर एक वर्षाचा, त्याला ही वाट नाही, हे आधीच सांगतो. शिकवायची आवड असेल तर निदेशकांचा कोर्स आहे, चुनाभट्टीला. मी तोच केला, फिटरचा मास्तर झालो. म्हणजे मीही सोडलंच की. याच्यावर बोलायचं होतं खरं, राहिलं.

ताई आल्या वाटतं. एकच मिनिट, भाच्याचं सांगतो. त्या रात्री मी त्याला विचारलं, सुट्टीच्या दिवशी रस्त्यानं जाताना कुणाच्या वेल्डिंगकडे नजर जाते का रे? तो म्हणाला, “मामा, तुमच्या सोसायटीचं गेट कुणी केलंय? बिजागरीपाशी बीड आत उतरलेलीच नाही. नुसतं बुजवून वर ग्राइंडर मारलाय आणि रंग दिलाय. पावसाळ्यात पडेल बघा.” रात्रीचे पावणेअकरा, डोळे चुरचुरतायत, धंदा सोडायला निघालाय आणि माझ्या गेटची बिजागरी सांगतोय!

त्या सुपरवायझरविरुद्ध अर्ज दिलाय, उत्तर यायचंय. तोवर पोरगा कामावर जातोय, पोतं अर्धं रिकामं झाल्यासारखा दिसतो. गेट अजून तसंच आहे. आमचे सेक्रेटरी दुसऱ्या रांगेत बसलेत, ते मघापासून माझ्याकडे बघत नाहीयेत. साहेब, जाताना आपण दोघं बरोबरच जाऊ. गेट तुम्ही उघडा.