कोरीतली चांदणी

[दृश्य : वहीचं पान, जवळून]

ही वही नीट बघा. डाव्या कोपऱ्यात तारीख, खाली वेळ : संध्याकाळचे 7. मधोमध चंद्रकोर. आणि कोरीच्या दोन टोकांमध्ये, अगदी आत, पाच टोकांची चांदणी. तिला पिवळा रंग दिलाय. थोडा रंग कोरीबाहेरही सांडलाय.

नऊ वर्षांच्या एका मुलीनं सुट्टीतल्या शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी हे चित्र काढलं. चित्रात एक चूक आहे. ती तिला कुणीही दाखवली नाही.

[दृश्य : मैदान, संध्याकाळ. खडूनं आखलेल्या वर्तुळात उभी मुलं]

शिबिर चौदा दिवसांचं, विषय एकच : आकाश. मोठ्या माणसांसाठी इथे एक नियम आहे. मुलानं काही विचारलं तर लगेच उत्तर द्यायचं नाही. म्हणायचं, ‘उद्या परत बघू या.’ पहिल्या दिवशी आम्हालाही हा नियम कडक वाटला. चौदा दिवस चित्रण केल्यावर आम्ही त्याच्या बाजूचे झालो आहोत.

शिबिराची तारीखही आकाश बघूनच ठरवली होती. सुरुवात अमावास्येनंतरच्या तिसऱ्या संध्याकाळी. तेव्हा कोर पश्चिमेला, बारीक आणि खाली असते. तिथून चौदा संध्याकाळी मोजल्या, की पौर्णिमा येते आणि पौर्णिमेनंतरची एक रात्रही हाताशी लागते. ती रात्र महत्त्वाची आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

रोज 7 वाजता मुलं त्याच खडूच्या खुणेवर उभी राहतात. हात ताठ पुढे, मूठ घट्ट. अशी मूठ आकाशाचा साधारण 10 अंशांचा भाग झाकते. लहान मुलाची मूठ लहान, पण त्याचा हातही आखूड, त्यामुळे हिशेब जमतो. काल मावळतीपासून चंद्रापर्यंत किती मुठी, आज किती? बघा, हा मुलगा मुठीवर मूठ रचत वर चाललाय, ओठांतल्या ओठांत मोजतोय. वहीत रोज तोच आकडा वाढताना दिसतो : एक मूठ आणि वर एक-दोन बोटं. चंद्र रोज सुमारे 12 अंश पूर्वेकडे सरकतो, हे वाक्य कुणी फळ्यावर लिहिलं नाही. ते सव्वीस वह्यांमध्ये मुठींच्या भाषेत लिहिलेलं आहे.

[दृश्य : दुर्बिणीला डोळा लावलेली तीच मुलगी]

दुसरी संध्याकाळ. तिपाईवर साधी दोन डोळ्यांची दुर्बीण. सूर्य पूर्ण मावळल्याची खात्री करूनच ती उघडली आहे. मुलगी बघते, डोळा काढते, पुन्हा बघते. कोरीच्या कुशीत चंद्राचा उरलेला सगळा गोळा राखाडी, मंद उजळलेला दिसतोय. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पडतो, तिथून उलटून चंद्राच्या रात्रीच्या भागावर जातो आणि परत आपल्या डोळ्यांत येतो. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओनार्दो दा विंचीनं याचं कारण आपल्या वहीत लिहून ठेवलं होतं. शिबिरात हे सांगितलं गेलं, पण सगळ्यांचं बघून झाल्यावर.

आता हा हात बघा. खोडरबर. कोरीच्या आतली चांदणी पुसली जातेय. पिवळा रंग काही नीट जात नाही, कागद पिंजारतो. मग चांदणी कोरीबाहेर, उजव्या अंगाला, नव्यानं काढली जाते. जिथे चंद्राचाच अंधारा भाग आहे, तिथे त्याच्या आरपार तारा कसा दिसेल?

[दृश्य : झाडाखालची सावली, प्रकाशाचे गोल कवडसे]

दिवसाचं काम झाडाखाली चालतं. पानांमधून पडलेले हे कवडसे. मुलांना विचारलं, हे गोल का? उत्तर झटकन आलं : पानांमधल्या फटी गोल असतात म्हणून. ‘बघू या,’ एवढंच म्हणून पुठ्ठे आणि कात्र्या पुढे ठेवल्या.

कुणी बारीक त्रिकोण कापला, कुणी चौकोन, कुणी चांदणी. पुठ्ठा कागदाच्या अगदी जवळ धरला, की उन्हाचा ठिपका छिद्राच्याच आकाराचा पडतो. आता हा मुलगा पुठ्ठा घेऊन मागे सरकतोय. एक पाऊल. दोन. त्रिकोणाची टोकं बोथट होतायत. अजून मागे. कागदावर स्वच्छ गोल उमटतो. चौकोनाचा गोल, चांदणीचाही गोल. आकार छिद्राचा राहिलेला नाही, सूर्याचा झाला आहे. झाडाखालचा प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं एकेक चित्र. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी हेच कवडसे कोरीसारखे होतात.

आता मोठ्या मुलांचा गट. खोक्याला खोकं जोडून 2 मीटर लांबीचा बोगदा केलाय. एका टोकाला टाचणीचं छिद्र, दुसऱ्या टोकाला पातळ कागद. सूर्याकडे मुलांची पाठ आहे, हे लक्षात घ्या. छिद्रातून किंवा कशातूनही सूर्याकडे थेट बघायचं नाही, हा दुसरा नियम, आणि यात ‘उद्या बघू’ नाही. कागदावरच्या गोलाला पट्टी लावली : 19 मिलिमीटर. सूर्याचं अंतर त्यांना दिलं, 15 कोटी किलोमीटर. बाकीचं त्रैराशिक. जमिनीवर बसून, पेन्सिलीचं टोक चावत, दोनदा चुकून उत्तर आलं 14 लाख 25 हजार किलोमीटर. सूर्याचा व्यास आहे सुमारे 13 लाख 92 हजार. खोकी, टाचणी आणि पट्टी!

[दृश्य : ताटातलं पीठ, वरून पडणारी गोटी]

चंद्रावरची विवरं पिठात केली. सरळ टाकलेली गोटी गोल खड्डा करते, तिरकी मारलेली लांबट. मग चंद्रावरची विवरं बहुतेक गोलच का? तिथे येणारा दगड सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं आदळतो, स्फोटच होतो, आणि स्फोटाला दिशा नसते. सहाव्या संध्याकाळी, अर्धा चंद्र वर असताना, मोठी दुर्बीण पहिल्यांदा बाहेर आली. इतक्या उशिरा, ते बरंच झालं. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर सावल्या सगळ्यात लांब असतात. 1609 मध्ये गॅलिलिओनं याच सीमेपलीकडे, अंधारात चमकणाऱ्या शिखरांवरून चंद्रावरच्या डोंगरांची उंची काढली होती. पिठात हात घातलेल्या मुलांना त्या सावल्या वाचता येत होत्या.

[दृश्य : मैदान, वरून]

हा पिवळा चेंडू 14 सेंटीमीटरचा. तो सूर्य. इथे 1 सेंटीमीटर म्हणजे 1 लाख किलोमीटर. पृथ्वी? मोहरीचा दाणा. 15 मीटर चालत जायचं आणि तो पुठ्ठ्यावर चिकटवायचा. चंद्र म्हणजे सुईच्या टोकानं काढलेला ठिपका, दाण्यापासून जेमतेम 4 सेंटीमीटरवर. माणूस आजवर गेलाय तो एवढाच लांब. गुरू ही काचेची गोटी, 78 मीटरवर. शनी 143 मीटरवर, तिथे मैदान संपतं. नेपच्यून मिरीच्या दाण्याएवढा, 450 मीटरवर. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा याच मापानं ठेवायचा तर सुमारे 4,000 किलोमीटर दूर.

हा मुलगा मोहरीच्या दाण्यापाशीच बसून राहिला. बाकीची परत आली तरी उठला नाही.

[दृश्य : अंधारी खोली, एक दिवा]

पावसाळी ढगांची एक संध्याकाळ दिव्याभोवती गेली. मधे दिवा हा सूर्य, आपलं डोकं ही पृथ्वी, काठीवर खोचलेला चेंडू हा चंद्र. स्वतःभोवती हळूहळू फिरा. कोर, अर्धा, आणि दिव्याकडे पाठ झाली की अंधार! चेंडू डोक्याच्या सावलीत गेला. मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? या मुलीनं काही न बोलता काठी थोडी वर उचलली. चेंडू उजळला. चंद्राची कक्षा खरोखरच सुमारे 5 अंशांनी कललेली आहे.

सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे वाढवून स्वाती आणि चित्रा शोधायला सगळेच शिकले. काही मुलांच्या वह्या अजून चालू आहेत.

[दृश्य : चौदावी संध्याकाळ. पूर्वेकडे तोंड करून बसलेली मुलं]

काल पौर्णिमा होती. चंद्र 7 वाजून 10 मिनिटांनी वर आला. आज 7 वाजता खडूच्या खुणेवर सगळे हजर आहेत आणि आकाशात चंद्र नाही. कुणी विचारलं नाही, कुठे गेला म्हणून. प्रत्येक वहीत एक वेळ आधीच लिहिलेली आहे. रोज 12 अंश मागे, म्हणजे 50 मिनिटांच्या आसपास उशीर. बहुतेकांनी 8 लिहिलंय. चांदणी खोडणाऱ्या मुलीनं 8 वाजून 5 मिनिटं लिहिलंय, क्षितिजावर झाडं आहेत म्हणून.

आता 8 वाजून 3 मिनिटं झाली आहेत. झाडांच्या मागे बघा.