ओल्या फणसाचा बाक

[दृश्य: परसदार. जांभ्याच्या चिऱ्यांवर अर्धगोल ओंडका. त्यावर पावसाचे थेंब.]

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आलं आणि त्या दुपारी श्रीवर्धनकडच्या वाड्या अक्षरशः झोपल्या. आमच्या परसातला आंबा गेला, पाठोपाठ फणस. सगळं सरपणात घालायचं जिवावर आलं. म्हटलं, अंगणात बसायला बाक करू.

पहिला बाक आंब्याचा. करवतीखाली पाणी सुटत होतं, इतकं ताजं खोड. साल दिसायला छान, म्हणून ती तशीच ठेवली. पडवीत ओढून व्हार्निशचे चार हात मारले. गणपतीला आलेल्या पाहुण्यांनी कौतुक केलं. दिवाळीपर्यंत व्हार्निशला फोड आले, टोकाला बोट जाईल एवढी चीर पडली आणि सालीखालून पिठासारखा भुसा गळायला लागला. भुंगेरा.

[दृश्य: सुतारकाका, हातात वाकस.]

सुतारकाकांनी बाक बघितला. म्हणाले, "अरे, पाणी आत कोंडलंस आणि वरून दार लावलंस!"

ओल्या लाकडातलं पाणी आधी पेशींच्या पोकळीतून जातं. तोवर लाकूड जागचं हलत नाही. ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरली की पेशींच्या भिंती आकसायला लागतात. तेही सगळीकडून सारखं नाही. खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या अंगाने लाकूड गाभ्यापासून सालीकडच्या अंगापेक्षा जवळपास दुप्पट आकसतं. त्यामुळे अख्खा गोल ओंडका तडकणारच, व्हार्निश कितीही महागाचं आणा.

काकांनी फणस बरोबर मधल्या ठिपक्यातून उभा चिरला. साल सोलली. बाहेरचं फिकट लाकूड जमेल तेवढं तासून टाकलं. वाळवी आधी त्यालाच लागते, पिवळा गाभा टिकतो. मग खालच्या गोल पोटाला करवतीने लांबलचक खाच मारली. मी विचारलं, चांगलं लाकूड का कापताय? "तडा कुठे जायचा ते आपण सांगायचं," एवढंच म्हणाले.

[दृश्य: जवळून. कापलेल्या तोंडावर पांढरं होत जाणारं मेण.]

दोन्ही तोंडांना वितळलेलं मेण. लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या असतात, पाणी तिथून भराभर उडतं आणि चीर तिथूनच सुरू होते. बाजू मात्र मोकळ्या ठेवल्या.

मग बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी. इथे ओलं लाकूड उलट कामाला येतं: कैरीच्या फोडीत मीठ मुरावं तसं हे ओलीतून आत शिरतं. पण पावसात धुऊनही जातं, म्हणून पुढे तेल हवंच.

फळी वाळायला इंचाला एक वर्ष, हा सुतारी हिशेब. आमचा ओंडका सहा इंच जाड. सहा वर्षं कोण थांबणार? पडवीत, सावलीत, जमिनीपासून उचलून दोन उन्हाळे ठेवला.

नंतर जवसाचं तेल. हार्डवेअरवाल्याकडे 'डबल बॉइल्ड लिनसीड' म्हणून मागायचं. टर्पेंटाइन घालून पातळ हात द्यायचा, वीसेक मिनिटांनी उरलेलं पुसून घ्यायचं. व्हार्निशसारखा पापुद्रा धरत नाही, आतली ओल बाहेर पडू देतं. पुसायचं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतं. आम्ही बाहेर दोरीवर पसरून वाळवतो. काकांचं मत काजूच्या टरफलांच्या तेलाला होतं, होड्यांना लावतात ते. त्याने कातडी भाजते, म्हणून मी टाळलं. त्यांना हे अजून पटलेलं नाही.

खाली चिरे. जांभा पाणी शोषतो, म्हणून मध्ये जुन्या रबरी ट्यूबचे तुकडे घातलेत. दर मे महिन्यात तेलाचा एक हात.

[दृश्य: काका बाकाखाली वाकून बघतायत.]

फणसही तडकलाच. पोटाला, काकांनी मारलेल्या खाचेत. वर बसणाऱ्याला दिसत नाही. काका मात्र आले की चहाआधी खाली वाकतात आणि त्या फटीत बोट घालून बघतात.