हिवाळ्यात फियाट बाहेर काढताना

(फोंडा येथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

जुन्या गाड्यांवरची परदेशी मासिकं मी गेली तीसेक वर्षं वाचतो आहे. ऑक्टोबर आला की त्यांत हमखास एक लेख असतो: गाडी आता आत घ्या. बॅटरी काढा, चाकं जमिनीवरून उचला, वर कापड घाला, मार्चमध्ये बघू. इंग्लंड-जर्मनीच्या माणसाला हा सल्ला योग्यच आहे. तिकडे रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. मिठामुळे पाणी शून्य अंशाला गोठत नाही, रस्ता मोकळा राहतो. पण तेच खारं पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाला लागतं. जुन्या गाड्यांच्या पत्र्यावर आजच्यासारखा जस्ताचा थर नसायचा. असे काही हिवाळे गेले की दाराखालचा पत्रा बोटाने दाबला तरी आत जातो.

आपल्याकडची काही माणसंही हेच वाचून डिसेंबरात गाडी झाकून ठेवतात. त्यांच्यासाठीच मी आज इथे आलो आहे. गोव्यातला हिवाळा हा जुनी गाडी चालवायचा मोसम आहे. तो फुकट घालवू नका.

मीठ आपल्याकडेही आहे, फक्त ते रस्त्यावर कोणी टाकत नाही, वाऱ्यावरून येतं. दुपारी समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात, हे आपण शाळेत भूगोलात शिकलो. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात आणि पत्र्यावर बसतात. ते कोरडे असेपर्यंत फारसं बिघडत नाही. पण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ आपणहून पाणी ओढायला लागतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तेच. हिवाळ्यात दुपार कोरडी असते, पण पहाटे दव पडतं, पत्रा गार होऊन त्यावर घाम धरतो आणि दुपारी बसलेलं मीठ पहाटे ओलं होतं. सूर्य वर आला की पुन्हा सुकतं. रोज ओलं, रोज सुकं. गंजाला याहून चांगलं हवामान मिळणार नाही. म्हणून कळंगुटला किंवा कोलव्याला गाडी नेलीत तर घरी आल्यावर विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवा, आणि वरून नव्हे, आधी खालून.

माझी गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७८ची. बाबांनी घेतली. त्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, तसेच तेही थांबले. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी मूळची इटलीची, फियाट ११००. तिला 'पद्मिनी' हे नाव पुढे मिळालं, पण घरात ती कायम फियाटच राहिली. तिच्या आधीचं गोलमटोल मॉडेल तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, त्याला सगळे 'डुक्कर फियाट' म्हणायचे. १०८९ सीसीचं इंजिन, स्टेअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मी गाडी चालवायला शिकलो ती हिच्यावर, बाबांच्या शेजारी बसून, बोरीच्या रस्त्यावर.

बाबा आजारी पडले त्या वर्षी गाडी चौदा महिने पडवीत उभी राहिली. आम्ही सगळे इस्पितळाच्या फेऱ्यांत होतो. पाऊस लागू नये म्हणून मी तिच्यावर प्लॅस्टिकची ताडपत्री घातली आणि चारही बाजूंनी दोरीने घट्ट बांधली. गाडीची काळजी घेतली असंच मला वाटत होतं.

ताडपत्री काढली तेव्हा वरचा रंग ठीक होता. आत कुबट वास होता. पायाखालची रबरी मॅट उचलली, तर खालची ज्यूटची गादी ओली होती. चौदा महिन्यांनी, ऐन जानेवारीत, ओली! मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळपत्र्यावर ठोकून पाहिलं. पत्रा चांगला असेल तर टण् असा आवाज येतो. इथे भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा धप् आवाज आला. टोक जरा दाबलं तर ते खाली निघालं आणि त्या भोकातून मला पडवीची शेणाने सारवलेली जमीन दिसली. ड्रायव्हरच्या पायाखालचा साधारण दोन वितीचा तुकडा गेला होता. ताडपत्रीने बाहेरचं पाणी अडवलं होतं, पण जमिनीतून वर येणारी वाफही आतच कोंडली होती. गाडीवर घालायचंच असेल तर सुती कापड घाला, आणि खालून वारा खेळू द्या.

पण ओल केवळ ताडपत्रीची नव्हती. त्याच्या दोन वर्षं आधी एका गॅरेजमध्ये मी गाडीला खालून डांबराचा काळा लेप मारून घेतला होता. गंज लागणार नाही, असं सांगितलं होतं. त्यांनी लेप मारताना तळपत्र्यातली आणि दारांच्या खालच्या कडेची पाणी निघून जाण्याची भोकंही बुजवून टाकली. दाराच्या काचेवरून ओघळणारं पाणी दारात उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं, गाडी बनवणाऱ्याने ती सोय मुद्दाम ठेवलेली असते. ती बंद झाली की दार म्हणजे हौद. शिवाय लेपाच्या खाली आधीचा गंज तसाच होता, तो आत खात गेला. मला त्या माणसाचा आजही राग येतो, कारण त्याला हे ठाऊक असायला हवं होतं. तुमच्या गाडीला असा लेप असेल तर घरी गेल्यावर एक जाड तार घ्या आणि दाराखालची भोकं मोकळी करा. पाच मिनिटांचं काम आहे.

गाडी ज्यांनी पुन्हा उभी केली ते मेस्त्री फोंड्याच्या बाजूचेच, आता नाहीत. त्यांनी नवा पत्रा कापून वेल्डिंग केलं, लांबी, म्हणजे पुट्टी, भरून झाकाझाक केली नाही. मागच्या दोन चाकांचे ब्रेक सिलिंडर धरले होते, पिस्टन जागेवर गंजून बसले होते, तेही बदलले. गाडी हातात देताना कोंकणीत म्हणाले, "चलयल्यार उरता, दवरल्यार कुसता." म्हणजे चालवली तर टिकते, ठेवली तर कुजते. त्यानंतर मी गाडी पंधरा दिवसांहून अधिक कधी उभी ठेवली नाही. पावसाळ्यातसुद्धा उघडीप बघून फिरवून आणतो.

आता हिवाळ्याची तयारी. आपल्याकडे तिची सुरुवात दसऱ्याला होते. आयुधपूजेला गाडी धुऊन झेंडूचा हार घालायचाच असतो, त्याच दिवशी बोनेट उघडा. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस अंगावर घेतलेली गाडी आहे ती. चारही मडगार्डच्या आत हात घालून चिखल काढा. डिचोली-सत्तरीच्या रस्त्यांवरची तांबडी माती तिथे घट्ट बसते आणि स्पंजासारखी महिनोन्‌महिने पाणी धरून ठेवते. पावसाचं पाणी वरचं मीठ धुऊन नेतं, पण मडगार्डच्या आतली ही माती ते धूत नाही. मग ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल २०५ अंशांना उकळतं, पाणी प्यायलेलं १४० अंशांनाच उकळू शकतं. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. घाटात तो जिवावर बेततो, म्हणून पाऊस संपल्यावर मी ते सगळं काढून नवं भरतो. पॉइंट, प्लग, फॅन बेल्ट बघा. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवा. हे सगळ्यांना माहीत असतं.

रेडिएटरबद्दल मात्र थोडं थांबतो. थंड देशांत पाण्यात कूलंट घालतात ते मुख्यतः पाणी गोठू नये म्हणून. पाण्याचा बर्फ झाला की ते जवळजवळ नऊ टक्क्यांनी फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक फोडतं. आपल्याकडे पणजीत थंडीच्या पहाटेही पारा साधारण वीस अंशांवर असतो, म्हणून लोक म्हणतात, आपल्याला कूलंट कशाला, विहिरीचं पाणी चालतं. पण कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यंही असतात, आणि आपल्याला ती हवी आहेत. नुसतं पाणी भरलेल्या रेडिएटरचं टोपण काढून बघा, तपकिरी पाणी दिसेल. तो तपकिरी रंग तुमच्या ब्लॉकच्या लोखंडाचा आहे.

आणि मग चालवा. पण दोन किलोमीटरवरच्या बाजारात जाऊन परत, असं नको. इंजिन थंड असताना पेट्रोल जळून झालेली पाण्याची वाफ आत ऑइलमध्ये उतरते. ऑइल पुरेसं तापलं तर ती निघून जाते, नाहीतर साठते. ऑइल भरायच्या टोपणाच्या आत मळकट लोण्यासारखा थर दिसला तर समजा, गाडीला लांबचा रस्ता मिळालेला नाही. तिला निदान अर्धा तास सलग चालू द्या.

माझा रस्ता चोर्ला घाटाचा. जानेवारीत एखाद्या रविवारी पहाटे चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी कळ, ओढायचा, इंजिन पकडलं की मिनिटभर तसंच ठेवायचं, मग चोक हळूहळू आत ढकलायचा. उसगाव, साखळी, केरी. केरीच्या पुढे चढ लागतो, उजेड फुटतो, खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसायला लागतं आणि त्यावर धुकं बसलेलं असतं. थंड हवेत गाडी वेगळीच चालते. हवा दाट असते, इंजिन तापत नाही, आवाज भरीव येतो. दुसऱ्या गिअरात ती न कुरकुरता चढत जाते. हा आवाज ऐकण्यासाठी मी वर्षभर थांबतो, हे तुम्हाला मनापासून सांगतो.

उतरताना एकच नियम: ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. बाबांनी मला हे शिकवलं. ड्रम ब्रेकची उष्णता लवकर बाहेर पडत नाही. सतत पाय ठेवून उतरलात तर लायनर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्ट्या, तापतात, पेडल दाबलं जातं पण गाडी हवी तशी थांबत नाही. मी एकदा वीसेक वर्षांचा असताना तिसऱ्या गिअरात उतरलो. एका वळणावर पुढे लाकडांनी भरलेला ट्रक होता. पेडल जवळजवळ जमिनीला टेकलं. हँडब्रेक आणि दुसरा गिअर एकदम लावला म्हणून थांबलो, ट्रकापासून हातभर अंतरावर. करपलेल्या लायनरचा वास अजून नाकात आहे.

डिसेंबरातली एक अडचण खास आपल्या गोव्याची आहे. नाताळच्या आठवड्यात पणजी-म्हापशाकडे गाड्यांची रांग लागते. दुपारी ऊन तीस अंशांच्या वर, गाडी तासाला पाच किलोमीटर, आणि रेडिएटरचा पंखा इंजिनाच्याच बेल्टवर, म्हणजे इंजिन हळू तर पंखाही हळू. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून बसलेला असतो. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ पंपाला ओढता येत नाही. गाडी मधेच बंद. सेल्फ मारत बसू नका, फक्त बॅटरी उतरेल. बोनेट उघडा, फडकं पाण्यात भिजवून पिळा आणि पंपावर गुंडाळा, दहा मिनिटं थांबा. फियाट टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं. माझ्या डिकीत पाण्याची बाटली आणि जुन्या धोतराचा तुकडा कायम असतो. ३१ डिसेंबरच्या रात्री मात्र गाडी बाहेर काढत नाही. तिचे मागचे दिवे मंद आहेत, आणि त्या रात्री मागून येणाऱ्याचा भरवसा नाही.

पेट्रोलबद्दल बरेच जण विचारतात. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलोच. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, जुनाच असल्यामुळे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, गाडी अडखळते आणि जास्त तापते. थंडीच्या सकाळी हे जास्त जाणवतं, कारण इथेनॉलची वाफ सहज होत नाही. चोक थोडा वेळ अधिक लागतो. मी मुख्य जेट एका मापाने मोठा बसवून घेतला, गाडी सुधारली. त्याहून महत्त्वाचं, पेट्रोलचे जुने रबरी पाइप बदला. ते इथेनॉलमुळे मऊ पडतात, भेगाळतात, आणि पेट्रोल गळणारी जागा गरम इंजिनाच्या वर असते. इथेनॉलला पाणीही धरतं, म्हणून टाकी भरून महिनोन्‌महिने ठेवू नका.

शेवटचा मुद्दा नोंदणीचा. २०२१ पासून केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. मान मोठा आहे, पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. माझी गाडी २०२८ मध्ये पन्नाशी गाठेल. अनेकांनी मला ती पाटी घ्यायचा आग्रह केला आहे. मी घेणार नाही. म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेला मला तिच्यातून जायचं आहे, आणि आईला तिच्यातून मंगेशीला न्यायचं आहे. साधी नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, गाडी तपासणीला न्यावी लागते, फी भरावी लागते. तपासणीत निरीक्षक वाकून तळपत्रा बघतात. मागच्या वेळी त्यांनी हाताने ठोकून पाहिला, आणि टण् असा आवाज आला.