जुन्या पोकलेनचा फॉल्ट कोड: सेन्सर मागवायच्या आधी दुसरा आकडा वाचा

नमस्कार मंडळी. जुनी पोकलेन बघायला गेलात, चावी फिरवली आणि स्क्रीनवर आलं: १००, आणि त्याच्यापुढे ४. विकणारा लगेच म्हणतो, "काही नाही हो, ऑइल प्रेशरचा सेन्सर गेलाय, बदलला की झालं." तो खोटंच बोलतोय असं नाही. पण स्क्रीनने सेन्सर गेलाय असं कुठे म्हटलंय? तिने फक्त एवढंच सांगितलंय की त्या सर्किटमधून कंट्रोलरकडे, म्हणजे मशीनच्या कॉम्प्युटरकडे, येणारं व्होल्टेज फार कमी आहे.

हे दोन आकडे काय आहेत ते आधी बघू. अवजड मशीनमध्ये एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेचं जे१९३९ हे मानक बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्यातला पहिला आकडा एसपीएन, म्हणजे तक्रार कशाबद्दल आहे. १०० म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर, ११० म्हणजे कूलंटचं तापमान, १५७ म्हणजे कॉमन रेलमधलं, म्हणजे इंजेक्टरना डिझेल वाटणाऱ्या नळीतलं, डिझेलचं प्रेशर. दुसरा आकडा एफएमआय, म्हणजे तक्रार कसली आहे. काही कंपन्या स्वतःचे वेगळे कोड दाखवतात, तिथे त्या मॉडेलचं मॅन्युअल उघडावंच लागतं.

बहुतेक लोक पहिला आकडा वाचतात आणि पार्ट मागवतात. खरी माहिती दुसऱ्यात असते. १०० बरोबर १ असेल, तर कंट्रोलर म्हणतोय की सेन्सर मला नीट आकडा देतोय आणि तो आकडा धोक्याइतका कमी आहे. इंजिन लगेच बंद करा. ऑइलची लेव्हल, पंप, बेअरिंग, तिकडे बघायचं. १०० बरोबर ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे व्होल्टेज कमी. हे वायरिंगचं भांडण आहे. पण थांबा, ४ आला म्हणजे ऑइल प्रेशर ठीक आहे असंही नाही. कंट्रोलरला प्रेशर दिसतच नाहीये. त्यामुळे साधा मेकॅनिकल गेज लावून खरं प्रेशर बघितल्याशिवाय मशीन कामाला लावायची नाही.

आता ४ चा शोध घेऊ. (प्लग कॅमेऱ्यासमोर धरून) या सेन्सरला तीन वायर आहेत: एकीवर कंट्रोलरकडून ५ व्होल्ट येतात, एक अर्थ म्हणजे ग्राउंडची, आणि एक सिग्नलची. चांगल्या सेन्सरचा सिग्नल साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टच्या मध्ये फिरतो. त्याच्या बाहेर गेला की कोड.

चावी बंद करा, सेन्सरचा प्लग काढा, इंजिन चालू न करता चावी परत ऑन करा आणि कोड बघा. बऱ्याच मशीनमध्ये प्लग काढल्यावर ४ जाऊन त्या जागी ३ किंवा ५ येतो. तसं झालं तर चांगली बातमी आहे: कंट्रोलर जागा आहे आणि सिग्नलची वायर अर्थला चिकटलेली नाही. मग प्लगमध्ये ५ व्होल्ट येतायत का ते मोजा. येत असतील तर आता सेन्सरवर संशय घ्या. येत नसतील तर सेन्सर बिचारा उपाशी आहे, नवा लावला तरी कोड तोच येणार.

आणि अशा मशीनमध्ये प्लग काढूनही ४ जागचा हललाच नाही, तर वायर वाटेत कुठेतरी घासून चासीला लागली आहे, नाहीतर कंट्रोलरमध्येच काहीतरी आहे. पैज वायरवर लावा. बूमच्या पायाशी, कॅबच्या मागे, इंजिनच्या ब्रॅकेटवरून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, वळतो तिथे बघा. उंदरांना विसरू नका. आणि एक विनंती, टेस्टरची सुई वायरच्या कव्हरमध्ये खुपसू नका. त्या भोकातून पाणी जातं, आतलं तांबं हिरवं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात नवा कोड. कनेक्टरच्या मागच्या बाजूने पिन घालून मोजा.

एकदम चार-पाच सेन्सरचे कोड आले तर? पाच सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. बऱ्याचदा ५ व्होल्टची एकच लाइन अनेक सेन्सरना वाटलेली असते. एक शॉर्ट झाला की सगळ्यांचे ५ व्होल्ट बसतात. एकेक प्लग काढत जा. ज्याचा प्लग काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो सेन्सर शॉर्ट आहे.

स्क्रीनवर कंट्रोलर एकमेकांशी बोलत नाहीत असा कोड असेल, तर बॅटरीची वायर काढून डायग्नोस्टिक सॉकेटवर कॅन हाय आणि कॅन लो, म्हणजे कंट्रोलर ज्यांवरून आपसात बोलतात त्या दोन वायरी, यांच्यात रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम हवेत, कारण लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. १२० दिसले तर एक टोक तुटलंय किंवा एक रेझिस्टर गायब आहे. शून्याजवळ आलं तर दोन वायर आपसात चिकटल्यात.

यातलं काहीही करायच्या आधी बॅटरी आणि अर्थिंग. २४ व्होल्टच्या मशीनचं व्होल्टेज स्टार्टर फिरताना फार खाली गेलं, तर कंट्रोलर वाट्टेल ते कोड टाकतो. फक्त मीटर लावून "२४ येतायत" म्हणू नका. एका धाग्यावर टिकलेली वायरसुद्धा लोड नसताना पूर्ण २४ दाखवते. लोड देऊन मोजा.

आता खरेदी करणाऱ्यांसाठी. मला कोड असलेल्या जुन्या मशीनपेक्षा एकही कोड नसलेल्या जुन्या मशीनची जास्त भीती वाटते. हजारो तास चाललेल्या मशीनच्या जुन्या कोडच्या हिस्ट्रीत सहसा काहीतरी असतंच. ती कोरी असेल, तर बहुधा कोणीतरी पुसली आहे. इंजिन तापवा, बूम-बकेट-स्विंग सगळं एकत्र अर्धा तास चालवा आणि मग परत बघा. लॅपटॉप जोडता आला तर कंट्रोलरमधले तास आणि स्क्रीनवरचे तास जुळतात का तेही बघा.

कोड दाबायची आणखी एक युक्ती चालते: सेन्सरच्या जागी प्लगमध्ये रेझिस्टर खोचायचा. कंट्रोलरला कायम एकच छान तापमान दिसतं, तो गप्प. ही पकडायला स्क्रीनवरचे लाइव्ह आकडे पुरतात. रात्रभर उभ्या मशीनची सकाळी चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. कूलंट, हायड्रॉलिक ऑइल आणि आत येणारी हवा यांची तापमानं जवळजवळ सारखी, बाहेरच्या हवेइतकी असायला हवीत. ऑइल प्रेशर शून्याच्या आसपास. थंड मशीनचं कूलंट ८० अंश दाखवत असेल, तर तो प्लग काढून आत काय खोचलंय ते बघा. म्हणूनच विकणाऱ्याला आदल्या दिवशीच फोन करून सांगा, मी यायच्या आधी मशीन सुरू करू नका. आणि तिथे पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा.