जुने थकीत कर्ज आणि दारात आलेला वसुली एजंट

श्रोतेहो,

मराठवाड्यात जुन्या थकबाकीविषयी बोलायचे तर अवर्षणाच्या वर्षांपासूनच सुरुवात करावी लागते. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या सुमारास शेतकऱ्याचे हप्ते थांबले आणि शेतकऱ्याच्या खरेदीवर ज्यांचे घर चालते त्या कापड दुकानदाराचे, गिरणीवाल्याचे, कृषी सेवा केंद्रवाल्याचेही थांबले. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की बँक असे खाते अनुत्पादक ठरवते. पीककर्जासाठी हा हिशेब हंगामांवर चालतो. अशी काही खाती पुढे मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना, म्हणजे बँकांची थकीत कर्जे विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपन्यांना, विकली जातात, आणि मग इतक्या वर्षांनी एखाद्या अनोळखी क्रमांकावरून फोन येतो की अमुक लाख भरा, नाहीतर पोलीस घेऊन घरी येतो.

घेतलेले कर्ज फेडावे, ही आपल्याकडची रीत आहे आणि ती योग्यच आहे. परंतु वसुली एजंटाचा सगळा भर नेमका आपल्या लाजेवर असतो. गल्लीत आवाज चढला, भावकीला कळले, मुलीच्या सासरी फोन गेला, एवढ्याच भीतीने माणूस सावकाराकडून पैसे उचलून एजंटाच्या हातात देतो आणि पावतीही मागत नाही. म्हणून माझा आग्रह एकच आहे: आधी कागद मागावा, मग बोलणे करावे आणि पैशाचा विषय सर्वांत शेवटी काढावा.

कोणता कागद मागायचा? आलेल्या माणसाचे ओळखपत्र आणि बँकेने किंवा कंपनीने त्याला दिलेले अधिकारपत्र हे दोन्ही पाहावेत. ही कागदपत्रे एजंटाने जवळ बाळगावीत आणि वसुलीचे काम कोणाकडे दिले आहे हे बँकेने कर्जदाराला कळवावे, असे रिझर्व्ह बँकेने 2008 सालीच सांगितले आहे. त्यानंतर बँकेला लेखी अर्ज देऊन खाते उतारा, शेवटच्या भरण्याची तारीख, व्याजाची आकारणी आणि कर्ज विकले असल्यास हस्तांतरणाचा पुरावा मागावा. अर्ज हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवावा. मागितलेली रक्कम आणि उताऱ्यावरची रक्कम यांत पुष्कळदा तफावत निघते, आणि ती नजरेस आल्याखेरीज तडजोडीची बोलणी करण्यात अर्थ नाही.

आता मुदतीचा प्रश्न. लोक इथेच सर्वाधिक फसतात, म्हणून त्यावर थोडे थांबतो. समजा, एका दुकानदाराने 2013 साली पाच वर्षांसाठी विनातारण कर्ज घेतले, 2016 नंतर एकही हप्ता भरला नाही, कोणत्याही कागदावर सही केली नाही आणि बँकेनेही दावा लावला नाही. अशा पैशाच्या वसुलीसाठी 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे दावा दाखल करण्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते, आणि करोनाकाळात सर्वोच्च न्यायालयाने दिलेली सवलत धरली तरी ती आता उलटून गेली आहे. देणे त्यामुळे नाहीसे होत नाही. न्यायालयातून ते वसूल करण्याचा मार्ग मात्र बंद होतो. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकले म्हणून ही मुदत नव्याने सुरू होत नाही.

ती सुरू होते ती आपल्या सहीने. मुदत संपण्यापूर्वी देणे लेखी कबूल केले, किंवा थोडी रक्कम भरून त्याची सहीनिशी नोंद केली, तर त्या दिवसापासून नवी मुदत मोजली जाते. मुदत संपल्यानंतर पैसे फेडण्याचे लेखी वचन सही करून दिले, तर करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे तो स्वतंत्र करार ठरतो आणि त्यावर दावा लावता येतो. एजंट जेव्हा म्हणतो, "काका, नुसते पाचशे भरा आणि इथे सही करा, वरच्या साहेबांना दाखवायला," तेव्हा त्या पाचशे रुपयांपेक्षा त्या सहीची किंमत कितीतरी मोठी असते. एकरकमी परतफेडीच्या छापील अर्जातही देणे मान्य असल्याचे वाक्य बहुधा असतेच. फेडण्याची खरोखर तयारी असेल तर खुशाल सही करावी, पण काय लिहिले आहे ते वाचून करावी.

मात्र एवढे ऐकून कोणी निश्चिंत होऊ नये. जमीन किंवा घर गहाण असेल तर गहाणावर आधारलेल्या दाव्याची मुदत बारा वर्षांची आहे. विकास सोसायटी, जिल्हा बँक आणि पतसंस्था यांची वसुली सहकार कायद्याच्या कलम 101 च्या वसुली दाखल्याने होते, तिथे हा तीन वर्षांचा हिशेब जसाच्या तसा लावू नये. सरफेसी कायद्याखाली, म्हणजे न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेण्याची मुभा बँकेला देणाऱ्या कायद्याखाली, 60 दिवसांची नोटीस आली तर ती बाजूला ठेवू नये, लगेच वकिलाला दाखवावी. शेतजमिनीवरील तारण त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, हेही त्याला विचारून घ्यावे. आणि जामीनदाराने "कर्ज मी कुठे घेतले" असे म्हणून सुटका होत नाही, कारण कायद्याने त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आपल्याकडे शेजाऱ्याच्या शब्दाखातर जामीन राहिलेली माणसे गावोगाव आहेत, त्यांच्याविषयी मला फार वाईट वाटते. वडिलांच्या कर्जाबाबत मात्र मुलांनी घाबरू नये. वारसाहक्काने जेवढे मिळाले, तेवढ्यापुरतीच त्यांची जबाबदारी असते.

एजंटाच्या वागण्याला मर्यादा आहेत. थकबाकीसाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, धमकावू नये, चारचौघांत अपमान करू नये, नातेवाइकांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. मायक्रोफायनान्सचे कर्ज घेतलेल्या महिलांसाठी हीच वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी आहे. नुसते कर्ज थकले म्हणून पोलीस अटक करीत नाहीत. दिलेला धनादेश न वटल्याचा खटला ही वेगळी बाब आहे. म्हणून प्रत्येक फोनची तारीख, वेळ आणि बोललेले शब्द वहीत टिपून ठेवावेत, बँकेकडे लेखी तक्रार करावी, आणि 30 दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याला शुल्क नाही.

लोकअदालतीची नोटीस आली म्हणून रात्रभर जागणारी माणसे मी पाहिली आहेत. ते वॉरंट नसते, तडजोडीचे निमंत्रण असते. अवश्य जावे, रक्कम कमी करून मागावी, पण झेपेल तेवढ्यालाच हो म्हणावे, कारण तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसते. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे महिलांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तडजोड ठरली तर रक्कम, तारीख आणि "याव्यतिरिक्त काहीही येणे राहणार नाही" हे वाक्य बँकेच्या पत्रावर आधी घ्यावे. पैसे कर्जखात्यातच भरावेत, एजंटाच्या फोनवर पाठवू नयेत. त्यानंतर बेबाकी दाखला, म्हणजे काहीही देणे उरले नसल्याचा दाखला, घेऊन तलाठ्याकडे अर्ज करावा आणि सातबाऱ्यावरील बोजा कमी झाल्याचा फेरफार स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. गहाण ठेवलेली मूळ कागदपत्रे पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत परत द्यावीत आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला 5000 रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा आदेश आहे. पैसे भरल्याची तारीख म्हणूनच जपून ठेवावी, आणि एकतिसाव्या दिवशी पहिला अर्ज शाखेत नेऊन द्यावा.